रविवारचं गीत सोमवारी उघडा

शनिवारी रात्री साडेनऊला फोन येतो, "उद्या कोणती गीतं घ्यायची?" पाळकांचा उपदेश अजून अर्धवट असतो. वाजवणाऱ्याच्या हातात बसलेली आठ-दहा गीतं असतात, त्यांतली चार ठरतात. रविवारी ती म्हटली जातात आणि कुणी तक्रारही करत नाही. फक्त पाठ असतो यहेज्केलच्या सुक्या हाडांचा आणि मंडळी म्हणत असते पिकाच्या आभाराचं गीत.

मी बरीच वर्षं मंडळीची गीतं निवडतो आहे. पहिली काही वर्षं असाच शनिवारी रात्री निवडायचो. ल्यूथरन, म्हणजे सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या, परंपरेत गीताला किती मोठं काम दिलेलं आहे हे कळल्यावर ही सवय मोडली. १५२४ साली या परंपरेची पहिली गीतपुस्तिका छापली गेली, तिच्यात अवघी आठ गीतं होती, त्यांतली चार मार्टिन ल्यूथरची. माणसं त्यांतून विश्वासाचा मजकूर पाठ करत होती. ज्याला वाचता येत नव्हतं तोही. त्यानंतरच्या काही वर्षांत दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभूभोजन या सगळ्यांवर ल्यूथरची गीतं आली. म्हणजे उपदेश व्यासपीठावरून एकदा होतो आणि तोच मंडळीच्या तोंडून दुसऱ्यांदा होतो.

म्हणून माझी रीत साधी आहे: आठवड्याला एकच मुख्य गीत घ्यायचं, ते सोमवारी उघडायचं आणि रविवारपर्यंत सोबत ठेवायचं. बाकीची दोन-तीन गीतं ओळखीची चालतात. पुढे सगळं एकाच रविवारच्या आधाराने सांगतो, म्हणजे हवेत राहणार नाही. तो रविवार आहे लेंटचा, म्हणजे उपवासकाळाचा, पाचवा.

आधी पाठ, मग गीत

बऱ्याच ल्यूथरन मंडळ्या तीन वर्षांच्या पाठक्रमाने, म्हणजे कोणत्या रविवारी बायबलातलं काय वाचायचं याच्या ठरलेल्या यादीने, चालतात. १९९२ साली आलेला सुधारित सामाईक पाठक्रम हा त्यातला सर्वांत परिचित. अ वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक. योहान तिन्ही वर्षांत सणांच्या आणि उपवासकाळाच्या आसपास विखुरलेला. वर्ष आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी बदलतं, जानेवारीत नाही. कोणतं वर्ष चालू आहे हे विसरायला होतं, त्यासाठी एक युक्ती: सनाला ३ने नि:शेष भाग गेला तर त्या सनाचे बहुतेक महिने क वर्षात पडतात. २०२५ला भाग जातो, म्हणून ते क. त्याच्या शेवटी आगमनकाळ लागला की अ सुरू. काही मंडळ्या अजून जुना एक वर्षाचा पाठक्रम पाळतात. तोही चांगलाच आहे, कारण तेच पाठ दरवर्षी त्याच रविवारी येतात आणि गीतंही त्यांना कायमची चिकटतात. मात्र दोन्ही मिसळू नका.

प्रत्येक रविवारी चार पाठ असतात: जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान. आपल्या उदाहरणाच्या रविवारी, अ वर्षी, ते असे आहेत: यहेज्केल ३७ मधलं हाडांचं खोरं, स्तोत्र १३०, रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायातली ६ ते ११ वचनं आणि योहान ११ मधली, मेलेल्या लाजाराला येशू कबरेतून बाहेर बोलावतो ती गोष्ट. सोमवारी सकाळी हे चारही सलग वाचा, मोठ्याने. टीकाग्रंथ उघडू नका, वही-पेनही बाजूला. वाचताना कोणता शब्द किंवा कोणतं चित्र चारांपैकी दोन तरी ठिकाणी येतं, एवढंच ऐका. इथे ते कानावर पडायला वेळ लागत नाही. हाडं खोऱ्यात पडली आहेत, स्तोत्रकर्ता खोलातून हाक मारतो आहे, लाजार कबरेत आहे. सगळे खाली आहेत, आणि आवाज वरून येतो.

मुख्य गीत कसं ओळखायचं

ल्यूथरन उपासनेत 'दिवसाचं गीत' नावाची एक जागा आहे. ते शुभवर्तमान आणि उपदेश यांच्या आसपास म्हटलं जातं आणि त्या दिवसाच्या पाठांशी त्याचं थेट नातं असतं. काही जोड्या शतकानुशतकं टिकल्या आहेत. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चौथ्या शतकातल्या बिशप अँब्रोजच्या लॅटिन गीतावरून ल्यूथरने केलेलं 'नून कॉम', पुनरुत्थानाच्या दिवशी 'ख्रिस्ट लाग', आणि वर्षाच्या शेवटच्या रविवारी दहा कुमारींच्या दाखल्यावरचं फिलिप निकोलाईचं 'वाखेट आउफ', जे १५९९ साली प्रसिद्ध झालं. 'आइन फेस्टे बुर्ग', म्हणजे बळकट दुर्ग, हे ल्यूथरचं गीत आपण ३१ ऑक्टोबरला, सुधारणा दिनाला म्हणतो. जुन्या क्रमात मात्र ते उपवासकाळाच्या पहिल्या रविवारीही आहे, कारण त्या दिवशी अरण्यातल्या मोहाचा पाठ असतो आणि गीत मुळात सैतानाशी झुंजण्याचं आहे. हे कळलं तेव्हा मला ते गीत पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं.

तुमच्या गीतपुस्तकाच्या शेवटी शास्त्रवचनांची सूची असेल तर तिथून सुरुवात करा. नसेल तर एका सुट्टीत बसून स्वतः बनवा. दोन संध्याकाळचं काम आहे आणि दहा वर्षं पुरतं. आपल्या रविवारी निवड अवघड नाही. स्तोत्र १३०वर ल्यूथरने स्वतः गीत रचलं आहे, 'आउस टिफर नोट', खोल संकटातून. १५२५ साली सॅक्सनीचा राज्यकर्ता फ्रेडरिक वारला तेव्हा विटेनबर्गला त्याच्या अंत्यविधीत ते गायलं गेलं. लाजाराच्या पाठाला आणखी काय हवं?

निवडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: या गीतात देव काही करतो का? पुष्कळ गीतांत सगळी क्रियापदं आपली असतात, मी येतो, मी गातो, मी अर्पण करतो. तीही असावीत, पण मुख्य जागी नकोत. पेन्सिलीने क्रियापदांखाली रेघ मारा आणि कर्ता कोण ते बघा. ही चाळणी कडक आहे, आणि आवडती गीतं तिच्यातून गळताना वाईट वाटतं.

कडवी कापण्याआधी

इथे मला जरा रागाने लिहावं लागेल, कारण हा गुन्हा मीच केला आहे. एका सुधारणा दिनाला उपासना लांबली, आणि मी 'आइन फेस्टे बुर्ग'चं पहिलं कडवं घेऊन थांबवलं. बाहेर पडताना एका आजींनी विचारलं, "म्हणजे शेवटी सैतानच जिंकला का रे?" पहिल्या कडव्याची शेवटची ओळ काढून बघा. पृथ्वीवर त्याच्या तोडीचा कुणी नाही, असं ती म्हणते, आणि 'त्याच्या' म्हणजे शत्रूच्या. दुसऱ्या कडव्यात आपलं बळ फुकट आहे हे कबूल केल्यावर आपल्या बाजूने लढणारा कोण ते विचारलं जातं आणि येशू ख्रिस्ताचं नाव येतं. तिसऱ्यात जग सैतानांनी भरलेलं असलं तरी एक लहानसा शब्द त्याला पाडतो. चौथ्यात शरीर, मालमत्ता, अब्रू, बायकामुलं गेली तरी राज्य आपलंच राहतं. आम्ही शत्रूची स्तुती करून सगळ्यांना घरी पाठवलं होतं.

या गीतांना ध्रुवपद नसतं, हे लक्षात ठेवा. आपल्याला ध्रुवपदाची सवय आहे. कुठेही थांबलं तरी घरी परत आल्यासारखं वाटतं. कोराल, म्हणजे ही ल्यूथरन गीतं, कडव्यामागून कडवं पुढेच जातात, गोष्टीसारखी किंवा युक्तिवादासारखी. ल्यूथरचं 'नून फ्रॉइट ऑइख' १० कडव्यांचं आहे. दुसऱ्या-तिसऱ्यात माणूस कैदेत आहे, पाचव्यात पिता पुत्राशी बोलतो, सातव्यापासून पुत्र आपल्याशी बोलतो. तिसऱ्यावर थांबलात तर माणूस कैदेतच राहिला.

मग लांब गीताचं करायचं काय? वाटून घ्या. जुन्या मंडळ्यांत गायकवृंद आणि लोक आळीपाळीने कडवी म्हणत. एक कडवं स्त्रियांनी, एक पुरुषांनी, एक मुलांनी, एक नुसतं वाचून, एक फक्त वाद्यावर आणि लोकांनी मनात. ख्रिस्तजन्माचं 'फॉम हिमेल होख' १५ कडव्यांचं आहे. पहिली पाच देवदूताची, ती एका मुलाला किंवा मुलीला द्या, मग मंडळी उत्तर देते. पंधरा कडवी कधी संपली कळत नाही. आणि कापायचंच असेल तर आधी सगळं वाचून, अर्थाचा सांधा बघून कापा. 'आउस टिफर नोट'ची पाच कडवी आहेत आणि पाचव्याशिवाय ते संपत नाही, कारण आपली पापं पुष्कळ असली तरी देवापाशी कृपा त्याहून पुष्कळ, हे तिथे येतं.

चाल बाजूला ठेवून वाचा

मंगळवारी गीत कवितेसारखं वाचा. चाल शब्दांना झाकते. वीस वर्षं गायलेल्या गीतात काय लिहिलंय हे विचारलं तर माणसं गडबडतात. मीही.

प्रत्येक कडव्याच्या बाजूला पाठातलं कोणतं वचन आहे ते लिहा. 'आउस टिफर नोट'मध्ये पहिलं कडवं स्तोत्राच्या १ ते ३ वचनांचं आहे: हाक, आणि तू पापांचा हिशेब ठेवलास तर टिकेल कोण हा प्रश्न. दुसऱ्यात ल्यूथर स्तोत्राला जरा पुढे नेतो. स्तोत्र क्षमा म्हणतं, तो म्हणतो की उत्तम आयुष्यातली कामंसुद्धा इथे उपयोगाची नाहीत. तिसऱ्यात आशा, चौथ्यात रात्रभर आणि पुन्हा सकाळपर्यंत वाट पाहणं, पाचव्यात इस्राएलाची सुटका आणि चांगला मेंढपाळ. स्तोत्रात मेंढपाळ नाही! तो ल्यूथरने योहानाच्या १०व्या अध्यायातून आणला असणार, आणि आपल्या रविवारी त्याच योहानाचा पुढचाच अध्याय वाचायचा आहे. अशा जागा सापडल्या की उपदेशकाला लगेच कळवा. त्याचा अर्धा दिवस वाचतो.

भाषांतर वापरत असाल तर इथेच तपासा. ल्यूथरने १५२३च्या अखेरीस आपला मित्र श्पालाटिन याला पत्र लिहिलं, स्तोत्रांवर गीतं रचायला माणसं हवीत म्हणून. त्यात त्याने बजावलं की दरबारी, नवे नवे शब्द नकोत, साध्या माणसाला कळतील असे पण शुद्ध शब्द हवेत. आणि १५२५ साली त्याने लिहिलं की शब्द, स्वर, आघात आणि चाल हे सगळं मातृभाषेतून उगवलं पाहिजे, नाहीतर ती माकडांची नक्कल होते. मराठीत हे फार पटकन कळतं. स्वर जिथे लांबतो तिथे ऱ्हस्व अक्षर पडलं की 'कृपा'चं 'क्रूऽपा' होतं आणि 'दया'चं 'दाऽया'. अशी ओळ दिसली की शब्द फिरवून बघा, पण भाषांतर कुणाचं तरी असतं. ल्यूथरचा मूळ मजकूर सर्वांचा आहे, अलीकडच्या भाषांतराचे हक्क मात्र राखलेले असू शकतात, म्हणून छापण्यापूर्वी विचारा.

न्हाव्याला सांगितलेली रीत

बुधवार मननाचा. पेटर नावाच्या आपल्या न्हाव्याने प्रार्थना कशी करावी असं विचारलं, म्हणून ल्यूथरने १५३५ साली एक छोटी पुस्तिका लिहिली. त्यात तो न्हाव्याला न्हाव्याच्याच भाषेत सांगतो: चांगल्या न्हाव्याचं मन, डोळे आणि लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असतं, गप्पा मारत, इकडेतिकडे बघत राहिला तर गिऱ्हाइकाचं नाक कापेल, गळाही कापेल. मग तो चार पदरांची माळ सांगतो. एक वचन घ्यायचं आणि त्यातून क्रमाने शिकवण, उपकारस्तुती, कबुली आणि विनंती काढायची.

स्तोत्र १३०चं सहावं वचन घेऊ. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात, त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो. आणि पहारेकऱ्यांची गोष्ट कवी लगेच दुसऱ्यांदा सांगतो.

शिकवण: पहाट आणणं पहारेकऱ्याच्या हातात नाही. तो जागा राहतो. पहाट होणार की नाही याची त्याला शंका नसते, किती वेळ आहे एवढंच त्याला माहीत नसतं. वचन दोनदा का येतं? कारण रात्री माणूस एकदा बघतो, अंधारच असतो, परत बघतो.

उपकारस्तुती: आयुष्यातल्या ज्या रात्री संपल्या त्या एकेक आठवा. सामान्य 'सर्व आशीर्वादांबद्दल' नको. कोणती रात्र, कोणतं घर, कोण शेजारी बसलं होतं.

कबुली: इथे माझं उत्तर ठरलेलं आहे. मी वाट पाहत नाही, मी घड्याळ पाहतो. देवाला मी वेळ देतो आणि तो उलटला की दुसरी व्यवस्था करतो. लाजाराची बहीण मार्थाही जवळजवळ हेच म्हणते: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तिच्या वाक्यात तक्रार आणि विश्वास एकाच श्वासात आहेत, आणि येशू त्यातलं काहीच खोडून काढत नाही.

विनंती: आज रात्री खरोखर जागणाऱ्या माणसासाठी. मंडळीतलं कोण दवाखान्यात आहे, कोण आजाऱ्यापाशी बसलं आहे, नावाने.

याला वीस मिनिटं लागतात. ल्यूथर पुढे म्हणतो की चारही पदर पुरे करायची घाई नको. मध्येच एखाद्या विचाराने पवित्र आत्मा आत बोलू लागला तर बाकीचं सोडून गप्प बसून ऐकावं. नवशिक्याला हे वाक्य आधीच सांगा, नाहीतर तो चार रकाने आखून भरत बसतो. एका गटात मीच छापील रकाने वाटले होते आणि सगळ्यांनी परीक्षेसारखे भरून माझ्याकडे परत दिले.

चाल शिकवणं

गीत नवं असेल तर त्या रविवारच्या महिनाभर आधी सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात उपासनेआधी लोक बसत असताना नुसती चाल वाजू द्या. दुसऱ्या आठवड्यात एकाच आवाजाने किंवा गायकवृंदाने ती म्हणावी. तिसऱ्यात लोकांनी दोन कडवी सोबत म्हणावीत. चौथ्यात ते दिवसाचं गीत. वर्षाला सहा-सात नवी गीतं एवढ्यावर थांबा. मुलांना आधी शिकवलं तर घरातली मोठी माणसं आपोआप शिकतात. उलट होताना मी पाहिलेलं नाही.

बऱ्याच कोरालांची बांधणी सोपी असते. पहिल्या दोन ओळींची चाल तिसऱ्या-चौथ्या ओळीला तशीच परत येते, मग उरलेल्या ओळी नव्या. म्हणजे सात ओळींच्या गीतात दोन ओळी आल्या की चार आल्या. लोकांना हे आधी सांगा, त्यांचा जीव भांड्यात पडतो. शिकवताना वाद्य बंद ठेवा, माणूस माणसाच्या आवाजामागे चटकन येतो.

'आउस टिफर नोट'ची ल्यूथरकालीन चाल एकदा जवळून बघू. तिचे स्वर आपल्याकडच्या भैरवी थाटाचे पडतात. पहिली ओळ साधारण अशी: प, एकदम खाली सा, परत प, मग कोमल ध, प, कोमल ग, म, प. जर्मन ओळीत 'खोल' हा शब्द सुरू होतो नेमका त्या खालच्या 'सा'वर. पाच स्वरांची ही उडी मंडळी हमखास चुकवते, मध्येच 'ग'वर थांबते. उपाय असा: फक्त प-सा-प एवढंच, शब्दांशिवाय, 'आ'कारात चार वेळा म्हणवून घ्या. मग शब्द. मग पुढची ओळ. सगळी चाल एका बैठकीत रेटू नका.

उडी जमणारच नसेल तर चाल बदला, त्यात कमीपणा नाही. या गीतात ओळींची अक्षरसंख्या ८, ७, ८, ७, ८, ८, ७ अशी आहे, अष्टाक्षरीच्या जवळची. 'नून फ्रॉइट ऑइख'चीही तीच. एकाची चाल दुसऱ्याला बसते. १५२४च्या त्या आठ गीतांच्या पुस्तिकेतसुद्धा ल्यूथरची तीन स्तोत्रगीतं त्याच पुस्तिकेतल्या दुसऱ्या गीतकाराच्या, पाउल श्पेराटुसच्या, गीताच्या चालीवर म्हणा असंच सांगितलेलं होतं.

पट्टीबद्दल थोडं. 'आइन फेस्टे बुर्ग' वरच्या 'सा'वर सुरू होतं आणि तिथून खाली सबंध सप्तक उतरतं. सकाळी आवाज उघडलेले नसतात. षड्ज पांढरी दोनला धरलात तर पहिल्याच शब्दाला अर्धे पुरुष खालच्या सप्तकात जातात आणि उरलेले खाकरतात. पांढरी एक पुरे, गरज पडली तर आणखी खाली. कोणत्याही गीताचा सर्वांत वरचा स्वर बघूनच पट्टी ठरवा, पहिला स्वर बघून नको. लयीबाबत एक निर्णय आधीच घ्या: या चालींची मूळ रूपं लहान-मोठ्या मात्रांची, उसळती आहेत, १८व्या शतकापर्यंत ती बरीच सपाट, सारख्या मात्रांची झाली होती. गीतपुस्तकात जे रूप आहे तेच सगळ्यांनी धरायचं. वाजवणारा एक आणि मंडळी दुसरं म्हणत असेल तर तिसऱ्या ओळीला अपघात ठरलेला.

मधले दिवस

१५२६च्या 'जर्मन मिस्सा' या उपासनाक्रमाच्या पुस्तिकेत ल्यूथरने आठवडाच मांडून दिला होता: सोमवार-मंगळवार सकाळी प्रश्नोत्तरीचे धडे, बुधवारी मत्तय, गुरुवार-शुक्रवारी पत्रं, शनिवारी संध्याकाळी योहान. आज कुणी रोज देवळात येणार नाही, आणि तसा आग्रह धरणारे लवकरच एकटे पडतात. पण घरी पाच मिनिटं निघतात. ल्यूथरच्या १५२९च्या लघु प्रश्नोत्तरीत, म्हणजे विश्वासाचे धडे देणाऱ्या छोट्या पुस्तकात, सकाळची प्रार्थना दिल्यावर पुढची सूचना अशी आहे की मग एखादं गीत म्हणत आनंदाने कामाला जावं. मी हीच सूचना धरून मंडळीला आठवड्याच्या गीताचं रोज एक कडवं देतो. पाच कडवी, सोमवार ते शुक्रवार. न्याहारीआधी किंवा बसमध्ये, मनात म्हटलं तरी चालतं. शनिवारी शुभवर्तमानाचा पाठ आधीच वाचून ठेवायचा.

गुरुवारची बैठक घरी असो वा सभागृहात, तासाभराची ठेवा. शुभवर्तमान एकदा वाचा, दोन मिनिटं शांतता, परत वाचा, आणि दुसऱ्या वेळी आवाज वेगळा असू द्या. मग दोन प्रश्न: इथे देव माझ्याकडून काय मागतो, आणि इथे देव मला काय देतो? नियमशास्त्र आणि शुभवर्तमान वेगळं ओळखण्याची ही घरगुती रीत आहे. पहिल्या प्रश्नावर माणसं पाऊण तास बोलू शकतात, म्हणून दुसरा प्रश्न वेळेत काढणं हेच चालकाचं खरं काम. लाजाराच्या पाठात पहिल्या प्रश्नाला फारसं उत्तरच सापडत नाही. कबरेतल्या माणसाकडून काय मागणार? गटाला हे स्वतः सापडू द्या.

त्याच आठवड्यात आजाऱ्यांकडे जाणाऱ्यांनी हेच गीत न्यावं. प्रभूभोजन घेऊन पाळक जातात तेव्हा एक कडवं पुरतं, बहुधा चौथं. माणसाला बोलवत नसलं तरी ओठ हलतात. पत्रिकेवर गीताचा मजकूर मोठ्या अक्षरांत छापा, चाळीस ग्रॅमच्या पातळ कागदावर मागून पुढून नको. दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांत दिसतात.

रविवारी

दिवसाचं गीत उपदेशाला चिकटवून ठेवा, आधी किंवा लगेच नंतर. ल्यूथरच्या १५२६च्या क्रमात पत्राच्या पाठानंतर जर्मन गीत आहे आणि शुभवर्तमानानंतर गीतरूप विश्वासांगीकार. मधे सूचना, वाढदिवस, देणग्या घालू नका. गीताची ओळख एका वाक्यात: "खोलातून मारलेली हाक आहे, पाचव्या कडव्यात उत्तर ऐका." बस.

योहान ११ची ४५ वचनं एका आवाजात लांब वाटतात. निवेदक, येशू, मार्था, मरीया अशी वाटणी करून वाचा, आणि वाचणाऱ्यांची तालीम शनिवारी घ्या. "येशू रडला" या वाक्यानंतर वाचकाने श्वासभर थांबायचं, हे त्याला सांगून ठेवावं लागतं. उपवासकाळात हालेलुया गात नाहीत, तेव्हा शेवटच्या गीतात तो शब्द लपलेला नाही ना तेही बघा. मला एकदा तो तिसऱ्या कडव्यात सापडला, गाताना.

पहिल्या कडव्याला वाद्य भरगच्च, चौथ्याला, रात्रीच्या वाटेला, वाद्य अगदी कमी किंवा बंद. मंडळीला स्वतःचा आवाज ऐकू आला पाहिजे. पाचव्याला परत सगळं.

वही

रविवारी दुपारी, जेवणाआधी, वहीत पाच गोष्टी लिहा: तारीख आणि रविवारचं नाव, पाठ, गीत आणि म्हटलेली कडवी, पट्टी, आणि कुठे अडलं. शेवटची नोंद सर्वांत मोलाची. माझ्या वहीत या गीतापुढे लिहिलंय: "दुसरी उडी बरी, पहिली फसली. वाजवणाऱ्याने 'प' लांब धरावा." तीन वर्षांनी परत अ वर्ष येईल तेव्हा हे वाक्य कामाला येतं, कारण तोवर वाजवणाराही बदललेला असतो.

पुढचं पान झावळ्यांच्या रविवारचं. त्यासाठी मी पाउल गेऱ्हार्टचं १६५६चं 'ओ हाउप्ट' काढून ठेवतो, काट्यांच्या मुकुटाखालच्या मस्तकाचं. त्याची चाल हान्स लिओ हास्लरने १६०१ साली एका प्रेमगीतासाठी केली होती. कडवी दहा आहेत आणि पवित्र आठवडा समोर आहे, म्हणून या वेळी रोज एक पुरणार नाही. सोमवारी पहिली दोन.